नियम क्रमांक पंधरा

नाशिक रोड
रविवार, ५ जानेवारी २०२५, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

ती. कुसाआत्यांस,
गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा मी स्पर्धेच्या नियमांची प्रत चौथ्यांदा तपासत होतो. नियम चौदा आहेत. आई म्हणते, "अरे, कबड्डी आहे, बारावीचा पेपर नाही." बारावीचा पेपर मी इतका तपासला नव्हता. निकाल तुम्हाला माहीतच आहे.

विषय असा. आमच्या मंडळाने प्रजासत्ताक दिनी महिलांची खुली कबड्डी स्पर्धा ठेवली आहे. संघ आठ. चिटणीस मी. मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे बॅनर फुकट होईल, या एकाच गुणावर माझी बिनविरोध निवड झाली. आपली वैष्णवी आमच्या संघाची कर्णधार आहे. जिल्हा संघाच्या निवड समितीची दोन माणसे सामने बघायला येणार आहेत. त्यांच्या वहीत तिचे नाव गेले, तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीचा रस्ता उघडतो. घरात सध्या दुसरा विषय नाही. लेकीपायी बाबा तर झोपेतही गुण मोजतात.

तुमचा येवल्याचा संघ यावा ही विनंती. मागच्या वर्षी पंचांना जी चप्पल लागली ती चुकून लागली, असे मी सभेत सांगितले आहे. यंदा तशी चूक होऊ नये.

फोनवर न लिहिता पत्र पाठवतो, कारण तुमचा फोन तुमच्या नातवाच्या, सुयशच्या हातात असतो आणि तो सगळे निरोप गल्लीला मोठ्याने वाचून दाखवतो. हे पाकीट येवला गाडीच्या कंडक्टरकडे दिले आहे. नियमांची प्रत सोबत आहे.

आपला आज्ञाधारक,
गोरक्ष

*

येवला
९ जानेवारी

चि. गोरख्यास आशीर्वाद.

चप्पल चुकून नव्हती लागली. तसं सभेत सांगून टाक, म्हणजे यंदा पंच नीट बघंल.

संघ घेऊन येते. आम्ही नऊ जणी हाय. दिवसभर कांद्याची लागण करून कंबरडं मोडलं का संध्याकाळी खळ्यात खेळायला येतो. कर्णधार फुलाबाई, माझ्या जावेची सून, तीन लेकरांची आई. पकडीला तिच्यासारखी नाय. ती अंगावर बसली का माणूस उठत नाय.

आता कामाचं बोलते. चढाईला एक पोरगी हाय, साक्षी. तू वळखतो तिला. आधी ती संतोष होती. आपल्या गल्लीतला, तुम्ही येवल्यात राह्यचा तेव्हा तुझा पुढचा दात पाडणारा, तोच. पुण्याला जाऊन राहिली, डॉक्टर केले, औषधं केली अन् साक्षी होऊन माघारी आली. आली त्या दिवशी सगळं गाव ओट्यासमोर जमलं. मी म्हणलं, बघून झालं असंल तर कांदे निवडू लागा, पाट्या भरून ठेवल्यात. घटकेत गर्दी पांगली. आता ती पैठणीच्या मागावर बसती, हात लय सफाईचा. संध्याकाळी आमच्यात खेळती. आमच्या बायांची कुणाची तक्रार नाय. पहिल्या दिवशी फुलाबाईनं तिला पाडलं, तिनं फुलाबाईला पाडलं, झाली वळख.

सांगून ठेवते, नंतर म्हणशील आत्यानं लपवलं. ती खेळणार असंल तर आम्ही येतो. नाय तर आम्हाला खळं बरं हाय. तुझ्या चौदा नियमांत तिच्याबद्दल काय लिहिलंय ते कळव. मी दोनदा वाचले. मैदानात थुंकू नये एवढंच लक्षात राह्यलं.

तुझी आत्या, कुसा

ता. क. भेटल्यावर संतोष म्हणू नको. तिनं पाडायला अजून लय दात हाय तुला.

*

नाशिक रोड
सोमवार, १३ जानेवारी, दुपारी सव्वादोन

ती. आत्यांस सा. नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. दुकानात एका होतकरू पुढाऱ्याचा बारा फुटी चेहरा वाळत घातला आहे, त्याच्या मागे बसून लिहीत आहे.

काल सभा झाली. अध्यक्ष चिंतामण अण्णा, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, तुम्ही त्यांना पाहिले आहे. आम्ही सहा पुरुष आणि सहा मिसळी. बाईचे शरीर या विषयावर सहाही जण अधिकाराने बोलले. सहांपैकी चौघांचे लग्न झालेले नाही.

आमच्यातला आल्हाद मोबाइलवरून वाचून सांगत होता, या देशात असे चालते, त्या देशात तसे चालते, या खेळात घेतात, त्या खेळात काढतात. अण्णा म्हणाले, "ते जगाचं जग बघून घेईल. आपल्याला आपल्या मैदानाचं ठरवायचंय. तर्री घे."

तेवढ्यात वैष्णवी आली. तिला कोणी बोलावले नव्हते. दारातच उभी राहून बोलली. जसे बोलली तसे लिहितो.

"तिनं साडी नेसावी, नाव बदलावं, मला काही अडचण नाही. मी तिला ताई म्हणेन, शेजारी बसून जेवेन. पण ती माझा घोटा धरणार आहे, आणि घोटा माझा आहे. संतोषला शाळेत असल्यापासून तालमीत घातलं होतं. तिच्या वडिलांनी पकडी शिकवल्या, दूध-अंडी चारली. मला तेव्हा काय शिकवत होते? पोळ्या. ती वर्षं तिच्या अंगात मुरली आहेत की नाहीत, एवढंच मला कोणीतरी सांगा. आणि हो, मिसळ मलापण मागवा."

आल्हाद म्हणाला, "पण माणुसकी म्हणून..." ती म्हणाली, "माणुसकी दाखवायला तुझा घोटा दे." मग अण्णांनी नेहमीचे केले. म्हणाले, "गोरक्ष, काहीतरी नियम लिहून टाक. कोणाचं मन दुखू नये असा."

मी रात्री बसून नियम क्रमांक पंधरा लिहिला: "खेळाडूच्या आधार कार्डावर 'स्त्री' अशी नोंद असणे बंधनकारक आहे." यात कोणाचे नाव नाही, कोणाचा अपमान नाही. कार्ड जे सांगेल ते. कृपया तुमच्या नऊ जणींच्या कार्डांच्या प्रती पाठवा. सर्वांना हा नियम पटला आहे.

उद्याच्या संक्रांतीचे तिळगूळ सोबत आहेत. गोड घ्यावे आणि उत्तर शक्यतो गोड द्यावे.

गोरक्ष

*

येवला
१६ जानेवारी

गोरख्या,

तिळगूळ खाल्ले, नरम होते. आता ऐक.

तुझा पंधरावा नियम मी बायांना वाचून दाखवला. साक्षीला हसू आलं. मला नाय आलं. तुझी चलाखी मला कळती. तुला नाय म्हणायचंय, पण तुझ्या तोंडानं म्हणवत नाय, म्हणून तू ते कार्डाच्या तोंडानं म्हणतो. तुझा बाप बी असाच. मला पाह्यला आलेलं पहिलं स्थळ त्याला पसंत नव्हतं, तर म्हणला पत्रिका जुळत नाय. पत्रिका बघितलीच नव्हती मुडद्यानं.

साक्षीच्या कार्डावर स्त्री हाय. कलेक्टर कचेरीत खेटे घातले, रांगेत लोकांची नजर सोसली, कागद आणला अन् कार्ड बदलून घेतलं. प्रत जोडली हाय, नीट बघ.

अन् फुलाबाईच्या कार्डावर पुरुष हाय.

हसू नको. कार्ड काढणाऱ्या पोरानं घाईत चुकीचं दाबलं. ती दुरुस्तीला गेली तर त्यो म्हणला पुरावा आणा. दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही लेकरं नेऊन त्याच्यापुढं उभी केली. म्हणला, हा पुरावा चालत नाय. बायांच्या योजनेचा एक रुपया तिला मिळाला नाय. नवरा तिला राजे म्हणतो. भांडण झालं का म्हणतो, आपलं लग्न कायद्यात बसतं का नाय ते आधी बघू.

तर आता तूच सांग, चिटणीस साहेब. तुझ्या नियमानं साक्षी बाई हाय अन् फुलाबाई बाप्या. कुणाला आणू? का फुलाबाईला तुमच्या पुरुषांच्या स्पर्धेत घालू? घालते, पण तुमचे पुरुष घरी जायला शिल्लक राह्यले पाहिजे.

कुसा

*

नाशिक रोड
रविवार, १९ जानेवारी, सकाळी ११

ती. आत्यांस सा. नमस्कार.

नियम क्रमांक पंधरा मागे घेतला आहे.

तुमचे पत्र सभेत वाचून दाखवले. अण्णांना हसून ठसका लागला. तो उतरल्यावर एक सभासद म्हणाले, कार्डाचा भरवसा नाही तर डॉक्टर बसवू, प्रत्येकीला आत घेऊन तपासून सोडू. नाव लिहीत नाही, कारण त्यांना दोन मुली आहेत.

सुधाकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. कप खाली न ठेवता त्यांनी विचारले, "तपासायला कोण बसणार? हे? यांना घरातली चहापत्ती सापडत नाही."

वैष्णवीही होती. यावेळी तिला रीतसर बोलावले होते, मिसळीसह. मला वाटले तिला ही सूचना आवडेल, कारण हरकत तिचीच. पण ती उभी राहिली. म्हणाली, "मला साक्षीबद्दल प्रश्न आहे, तो मी मागे घेतलेला नाही. पण दारात एकीला जरी आत नेलंत, तरी आमचा संघ खेळणार नाही. आज तिची पाळी, उद्या माझी. माझ्या ओठावर लव आहे, खांदे रुंद आहेत, आणि मी चिडले की माझा आवाज बाबांसारखा येतो."

हे खरे आहे. परवा फोनवर अण्णांनी तिला अर्धा तास बाबा समजून राजकारण सांगितले.

तरी अण्णा मला म्हणाले, "लिहून तर ठेव, गोरक्ष. नंतर खोडता येतं." आत्या, मी पेनाला टोपण लावले. म्हणालो, "मी लिहीत नाही." दुसऱ्या कोणाचे अक्षर चांगले नसल्याने सूचना तिथेच पडली. मात्र निर्णय काहीच झाला नाही. स्पर्धा आठवड्यावर आली आहे. साक्षी खेळणार का, हे तुम्ही विचारले आहे, आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही. यावेळी कोणाच्या तोंडाने नव्हे, माझ्याच तोंडाने सांगतो: मला कळत नाही. वैष्णवी बोलली की तिचे पटते. तुमचे पत्र वाचले की तुमचे पटते.

वैष्णवीचाही सल्ला घेतला असता, पण ती आज पहाटेच मैत्रिणीच्या हळदीला मनमाडला गेली. हळदीला जाताना कबड्डीचे बूट आणि गुडघ्याच्या पट्ट्या का नेल्या, ते विचारायचे राहिले.

गोरक्ष

*

येवला
२२ जानेवारी

गोरक्ष,

आत्या म्हणाली तूच लिही, म्हणून लिहिते. तुझी बहीण रविवारी आमच्याकडे होती. हळद कुणाला लागली नाही, माती मात्र दोघींना लागली.

आली, चहा घेतला, म्हणाली, "मला तुझ्याशी खेळून बघायचंय." खळ्यात सगळ्या बाया कडेला बसल्या. आळीपाळीने चढाया केल्या. तिने मला किती वेळा मारलं, मी तिला किती वेळा धरलं, ते सांगणार नाही. सांगितलं की तू तक्ता काढशील आणि अण्णा त्यावरून निकाल लावतील. एवढं सांगते, की ती माझ्यापेक्षा चपळ आहे, आणि माझा हात तिच्यापेक्षा लांब आहे. शेवटी ती धापा टाकत म्हणाली, "तुझा हात लांब आहे." मी म्हटलं, "आहे. घरी ठेवून येऊ का?" ती हसली, पण म्हणाली, "मी थट्टा करत नाहीये." मीही करत नव्हते.

औषधं सुरू केल्यापासून माझी ताकद कमी झाली आहे. किती कमी, ते मला मोजता येत नाही. पूर्वी पाण्याची टाकी एकटी हलवायचे, आता हाक मारते. पण तालमीतली वर्षं अंगात मुरली आहेत का, असं तिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले नाही. पाय कुठे टाकायचा ते पायाला माहीतच आहे. खोटं कशाला बोलू?

मग मी तिला पुरुषांच्या स्पर्धेचं सांगितलं. पुण्याहून आल्यावर एकदा खेळले होते. ते मला धरत नव्हते रे, चाचपत होते. पंच हसत होता. मी मध्येच मैदान सोडलं. तुझ्या बहिणीने ते ऐकलं आणि गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तुला खेळू नको म्हणायला मला जड जातंय. पण खेळ म्हणायलाही जड जातंय." आजवर मला कुणी इतकं सरळ बोललेलं नाही. लोक एकतर शिव्या देतात, नाहीतर डोक्यावरून हात फिरवतात.

जेवताना तिनेच मार्ग काढला. जिचा घोटा, तिने ठरवावं. आठ संघांच्या आठ कर्णधार बसतील. तुम्ही मिसळवाले नाही. त्या जे म्हणतील ते मला मान्य, तिलाही मान्य. नाही म्हणाल्या तर मी आत्याशेजारी बसून पंचाला शिव्या देईन. ते कामही कमी नाही.

साक्षी

ता. क. दाताबद्दल सॉरी. तू आधी चावला होतास.

*

नाशिक रोड
मंगळवार, २८ जानेवारी, रात्री ८ वाजता

ती. आत्यांस सा. नमस्कार.

तुम्ही मैदानावर होतात, पण उपान्त्य सामन्याच्या उत्तरार्धात नव्हतात. पंचांनी तुम्हाला समोरच्या चहाच्या टपरीवर नेऊन बसवले होते. यंदा चप्पल नव्हती, पाण्याची बाटली होती, हे मी अहवालात तुमच्या बाजूने नोंदवले आहे. तेव्हा तुम्ही न पाहिलेले क्रमाने लिहितो.

आधी कर्णधारांची बैठक. मंडळाच्या गणपतीचे सामान ठेवतो त्या कोठीत आठ जणी बसल्या, दार लावून घेतले. बाहेर आम्ही सहा जण. अण्णा दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "नुसतं हो की नाही सांगायचंय, वेळ कशाला लागतो?" आम्हाला त्यासाठी चार सभा लागल्या होत्या. आतून मोठमोठ्याने भांडण ऐकू येत होते, मध्येच हसू, मग पुन्हा भांडण. फुलावहिनींचा आवाज भिंतीतून स्पष्ट आला: "मला मत इचारू नका, सरकारदरबारी मी बाप्याच हाय!"

दार उघडले आणि वैष्णवी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "पाच जणी हो, दोन नाही, फुलावहिनी कुणीकडेच नाहीत. साक्षी खेळेल." मी विचारले, "दोन नाहीमध्ये तू?" ती म्हणाली, "मी आणि देवळाली कॅम्पवाली. आणि अण्णा, आठही जणींचं एकमत झालेला एक ठराव आहे. इथे बायकांसाठी संडास नाही, आणि या कोठीला आतून कडी नाही. दार धरायला देवळालीची कर्णधार पाठ लावून बसली होती."

आत्या, मी चौदा नियम चार वेळा तपासले होते. बाई कोणाला म्हणायचे यावर आमच्या चार सभा झाल्या. बायका जातील कुठे, हे सहांपैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. मी तसाच सायकल घेऊन निघालो. भाड्याचे फिरते स्वच्छतागृह मिळाले, कडीही आणली. ती लावताना हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली, म्हणून आजचे अक्षर असे आहे.

परत आलो तर वैष्णवी टेबलाशी उभी. साक्षीच्या सहभागावर लेखी हरकत आणि नियमाप्रमाणे पाचशे रुपये हरकत फी. मी म्हणालो, "अगं, कर्णधारांनी ठरवलं ना?" ती म्हणाली, "आजचं ठरवलं, आणि मी ते मानून खेळते आहे. माझं मत कागदावर राहू दे."

उपान्त्य सामना नेमका तुमचा-आमचाच लागला. मध्यंतरापर्यंतचे तुम्ही पाहिले, साक्षीने वैष्णवीला दोनदा धरले आणि वैष्णवीने साक्षीला तीनदा मारले. उत्तरार्धात दोरीपलीकडून एकाने "ए संतोष!" अशी हाक मारली. माइक माझ्या हातात होता. मला वाटले आता काहीतरी बोलावे, पण शब्द जुळेपर्यंत वैष्णवी दोरीपाशी पोहोचली होती. तिने त्याला काय सांगितले ते लिहिण्यासारखे नाही. आवाज मात्र अगदी बाबांचा होता. तो मनुष्य निघून गेला, त्याच्या शेजारचे दोघेही गेले.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत, वैष्णवी तुमच्या कोर्टात. साक्षीने घोट्यासाठी हात टाकला, लांब हात, पण वैष्णवीने उडी मारून तो चुकवला. पूर्ण मैदान ओरडले. ती वळली आणि रेषेकडे झेपावली, आणि तेवढ्यात फुलावहिनी तिच्यावर बसल्या. पुढचे तुम्ही पत्रातून मला आधीच कळवलेले आहे. पंचांनी शिट्टी वाजवली, तरी त्या उठेनात. म्हणाल्या, "दोनदा वाजवा, खात्री होऊ द्या."

(अंतिम सामन्यात देवळाली कॅम्पने तुम्हाला धुतले. तो तुम्ही टपरीवरून परत येऊन पाहिला आहे, त्यावर लिहीत नाही.)

सामन्यानंतर अण्णा वैष्णवीला समजावू लागले, "पोरी, तुला साक्षीनं पाडलंच नाही. फुलाबाईनं पाडलं. आता हरकत मागे घे, पाचशे परत देतो." वैष्णवीचे डोळे लाल होते. म्हणाली, "फुलावहिनींनी पाडलं म्हणून माझा प्रश्न सुटला का? राहू दे ती."

साक्षी तिथेच बसून पायाची माती झटकत होती. म्हणाली, "राहू द्या, अण्णा. तिची हरकत राहू द्या. मीपण राहते."

मग निवड समितीचे दोघे आले. त्यांनी वैष्णवीचे नाव लिहून घेतले, तिला पाडायला दोघी लागतात म्हणून. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. बाबा रडले. नंतर समितीच्या दोघांपैकी एकाने साक्षीकडे बोट करून मला हळूच विचारले, "चिटणीस, हिचं काय?" कार्डाची प्रत माझ्या फायलीत होती. ती काढली नाही. म्हणालो, "ती आमच्याकडे महिला गटात खेळली. आमच्या कर्णधारांनी तसे ठरवले. एक हरकत आहे, तीही दाखवतो. दोन्ही खरे आहे." ते म्हणाले, "आम्हाला वरून काही सांगितलेलं नाही," आणि वही मिटली. साक्षीने ते ऐकले. मला वाटले ती उठून जाईल. ती वैष्णवीला म्हणाली, "चाचणीच्या आधी आठ दिवस येवल्याला ये. माझा हात चुकवलास तर कुणाचाही चुकवशील."

वैष्णवी म्हणाली, "येईन. पण हरकत मागे घेणार नाही."

"कोण म्हणतंय घे म्हणून?"

वैष्णवी शनिवारच्या गाडीने येत आहे. तिला फार तिखट चालत नाही.

हिशेब लिहून संपवतो, कारण अण्णा उद्या मागतील.

माझ्या खिशातून गेले: फिरते स्वच्छतागृह, एक दिवस भाडे, रु. १,८००. कडी, कोयंडा व स्क्रू, रु. १४०. अंगठ्याचे मलम, रु. ६५. एकूण रु. २,००५.
मंडळाकडून येणे: रु. १,९४०. मलम माझे मी सोसतो.
देणे: हरकत फी, रु. ५००. हरकत फेटाळली असती तर मंडळाची, मान्य झाली असती तर वैष्णवीची. दोन्ही झालेले नाही. पाकिटात घालून, तारीख टाकून, माझ्याकडे ठेवले आहेत. कोणाला द्यायचे ते ठरलेले नाही.

आपला,
गोरक्ष